अमरावतीचा आखाडा आणि ब्रातिस्लाव्हाची गल्ली

आज सुरुवात माझ्याच फजितीपासून. मागच्या पावसाळ्यात रात्रीची शिफ्ट संपवून मिहानहून घरी येत होतो. वर्धा रोडवर चहाला थांबलो, तर बाईकवरून दोघं आले. एकाने कॉलर धरली, दुसऱ्याने मोबाईल ओढला. मी काय केलं? काहीच नाही, पुतळा झालो. आणि शाळेत कराटेचा ब्राऊन बेल्ट होता बरं का माझ्याकडे!

म्हणून आता क्राव मगाच्या क्लासला जातो. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "पळता येत असेल तर आधी पळा." कराटेत असं कोणी सांगितलं नव्हतं ना बाप्पा.

हे शहाणपण आलं कुठून? इमी लिख्टेनफेल्ड नावाचा ज्यू तरुण, जन्म 1910. ब्रातिस्लाव्हात वाढला, कुस्ती आणि बॉक्सिंग दोन्हींत तरबेज. वडील पोलिसांना स्वसंरक्षण शिकवायचे. 1930 च्या दशकात फॅसिस्ट टोळ्या ज्यू वस्तीत घुसायला लागल्या, तेव्हा हा पोरांना घेऊन रस्त्यावर उतरला. आणि लक्षात आलं की गल्लीत पंच नसतो, गुण नसतात, समोर एकटा माणूसही नसतो. 1940 मध्ये तो बोटीने निसटला. पुढे इस्रायली सैन्याला हेच शिकवलं.

आता आपल्याकडे या. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर अमरावती. तिथे 1914 मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. क्रांतिकारक राजगुरूसुद्धा तिथे शिकून गेले. ऑगस्ट 1936 मध्ये याच मंडळाचा संघ बर्लिन ऑलिंपिकला गेला आणि आपली कबड्डी तिथे खेळून दाखवली. वऱ्हाडातली पोरं, बोटीचा प्रवास, इंग्रजांचं राज्य. विचार करा!

पण मला एक गोष्ट खटकते. ज्या राजवटीच्या राजधानीत आपली पोरं टाळ्या घेत होती, तिच्याच विचाराच्या टोळ्यांशी तिकडे इमी हातघाईवर येत होता. आपल्या पोरांचा यात काय दोष? गुलाम देशाला जगासमोर उभं राहायला मिळत होतं. तरी तो ऑगस्ट मला सरळ अभिमानाने आठवता येत नाही.

माझे आजोबा महालातल्या एका आखाड्यात लाठी शिकले होते. मोबाईलचा किस्सा ऐकून हसले आणि म्हणाले, "लाठीकडे पाहायचं नसते रे, खांद्याकडे पाहायचं. हात नंतर हलते, खांदा आधी."

रविवारी क्लासमध्ये काठीचा सराव होता. तीनदा मार खाल्ला. सर जवळ आले आणि माझी हनुवटी वर करून म्हणाले, "काठी कशाला बघतोस? खांदा बघ."