विषजन्य पेप्टाइडे व मल्टिपल स्क्लेरोसिस : एक ऐतिहासिक आढावा

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला चढविते. या विकारावर विषाच्या उपयोगाचे दोन प्रवाह इतिहासात दिसतात. त्यांची गल्लत वारंवार होते, म्हणून ते वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला प्रवाह आशेचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मायामी येथे सर्पतज्ज्ञ बिल हास्ट यांच्या सहभागाने नागादी सर्पांच्या विषापासून केलेले औषध असंख्य रुग्णांनी घेतले. गुण आल्याचे अनेकांनी सांगितले. परंतु नियंत्रित चाचण्यांचा आधार नव्हता, आणि १९८० मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने ते थांबविले.

दुसरा प्रवाह मुळात उपचाराच्या शोधात नव्हताच. १९८४ मध्ये डीकॉर्सी, चांडी, गुप्ता व कॅहलन यांनी मानवी टी-पेशींवर पोटॅशियम वाहिन्या असल्याचे ‘नेचर’मध्ये दाखविले. या वाहिन्या रोखल्या की पेशींचे विभाजन मंदावते, हेही दिसले. मात्र तेव्हा हाताशी असलेली रसायने ढोबळ होती. नेमके साधन विंचवाच्या विषात सापडले. (कोकणात ज्याच्या दंशाचे भय असते त्या लाल विंचवाच्या विषातूनही १९९० मध्ये इबेरिओटॉक्सिन वेगळे काढण्यात आले, त्याचे लक्ष्य मात्र निराळ्या जातीची पोटॅशियम वाहिनी.)

१९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रातील एका समुद्रफुलापासून ३५ अमिनो आम्लांचे ‘एसएचके’ हे पेप्टाइड मिळाले. त्यातील एक लायसिन वाहिनीच्या छिद्रात बुचासारखे बसते. रोगाला कारण ठरणाऱ्या, वारंवार चेतविलेल्या स्मृति-टी-पेशी केव्ही १.३ या वाहिनीवर विशेष अवलंबून असतात. इतर टी-पेशींना दुसरी वाहिनी साहाय्य करते. त्यामुळे संपूर्ण प्रतिकारशक्ती न दडपता उपचार होऊ शकेल, हा विचार पुढे आला. २००१ मध्ये उंदरांमधील तत्सम विकार या पेप्टाइडाने सौम्य झाला.

अडचण अशी, की तेच पेप्टाइड चेतापेशींवरील केव्ही १.१ वाहिनीही रोखते. म्हणजे ज्या चेतातंतूंना वाचवायचे त्यांनाच धोका. २००५ मध्ये रेणूच्या एका टोकाला जोड देऊन ही निवडकता सुमारे शंभरपट करण्यात आली. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील निर्णायक क्षण हाच होय : निसर्गाने दिलेले विष जसेच्या तसे औषध ठरले नाही. त्यातून घडलेल्या डालाझाटाइडची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली मानवी चाचणी सोरायसिसच्या रुग्णांवर झाली, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या नव्हे.