जिल्हा उद्योग केंद्र

जिल्हा उद्योग केंद्र : सूक्ष्म, लघू आणि ग्रामीण उद्योगांना लागणारी सरकारी मदत जिल्ह्याच्या ठिकाणी एका छताखाली मिळावी, यासाठी स्थापन झालेले कार्यालय. उद्योजकांच्या बोलण्यात ते ‘डीआयसी’ म्हणूनच ओळखले जाते. केंद्र सरकारने २३ डिसेंबर १९७७ रोजी मांडलेल्या औद्योगिक धोरणात या केंद्रांची घोषणा झाली आणि १ मे १९७८ पासून त्यांचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात ही केंद्रे राज्याच्या उद्योग संचालनालयाच्या अखत्यारीत चालतात. महाव्यवस्थापक हा केंद्राचा प्रमुख असतो.

पूर्वपीठिका : लहान उद्योग गावोगाव पसरले तरच शेतीवरचा भार हलका होईल, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच पुढे आला. त्याला शासकीय रूप देण्यात अर्थतज्ज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समितीने १९५५ मध्ये विकेंद्रित उद्योगरचनेचा आग्रह धरला. पुढे १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. सुरुवातीला अशा वस्तू ४७ होत्या. पण संरक्षण मिळाले तरी मदत मात्र राजधानीतच राहिली. पोलादाचा कोटा, यंत्रसामग्रीची परवानगी, कर्जाची शिफारस यांसाठी तालुक्यातल्या कारखानदाराला एकेका खात्याचे उंबरठे झिजवावे लागत. ज्याची मुंबईत ओळख, त्याचे काम आधी होई.

जनता पक्षाच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना आलेल्या १९७७ च्या धोरणाने नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. लघू व कुटिरोद्योगांच्या विकासाचे केंद्र मोठ्या शहरांतून आणि राजधान्यांतून उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचे, असा निर्धार त्यात होता. त्याच धोरणाने राखीव वस्तूंची यादी पाचशेच्या वर नेली आणि ‘अतिलघू’ हा नवा गट केला. ५०,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावातील, यंत्रसामग्रीत एक लाख रुपयांपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग त्यात धरला गेला. राखीव यादी कालांतराने आक्रसत गेली आणि २०१५ मध्ये उरलेल्या २० वस्तूही तिच्यातून वगळण्यात आल्या. त्या धोरणातील जी गोष्ट आजही रोजच्या व्यवहारात टिकून आहे, ती म्हणजे जिल्हा उद्योग केंद्र.

रचना : मूळ आराखड्यात महाव्यवस्थापकाच्या हाताखाली आर्थिक पाहणी, यंत्रसामग्री, कच्चा माल, कर्ज, विक्री, प्रशिक्षण व खादी-ग्रामोद्योग अशा विषयांसाठी स्वतंत्र व्यवस्थापक होते. पुढे ही संख्या कमी झाली. प्रत्यक्ष गावात जाऊन शेड, यंत्रे आणि वीजजोडणी पाहणारा माणूस म्हणजे उद्योग निरीक्षक. नवउद्योजकाचा केंद्राशी पहिला आणि बहुतेकदा शेवटचाही संबंध त्याच्याशीच येतो. आरंभी केंद्र सरकार या योजनेचा खर्च उचलत होते. नव्वदच्या दशकात तो भार राज्यांवर आला.

केंद्राकडे स्वतःची जमीन नाही. भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी, स्थापना १९६२) देते, किंवा उद्योजकांनी मिळून सहकारी औद्योगिक वसाहत उभारलेली असते. नाशिकच्या सातपूरची ‘नाइस’ आणि सिन्नरजवळच्या मुसळगावची ‘स्टाइस’ ही त्याची जाणती उदाहरणे. उद्योजकता प्रशिक्षण देण्याचे काम १९८८ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र करते. रस्ता, पाणी, पथदिवे, वीजपुरवठा, प्रदूषण मंडळाची संमती अशा अडचणी मात्र जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे येतात. ‘झूम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि तिचे कामकाज जिल्हा उद्योग केंद्र पाहते. ज्या जिल्ह्यात झूमच्या बैठका नेमाने होतात आणि मागच्या बैठकीचा इतिवृत्तांत उघडून प्रत्येक विषयाचा जाब विचारला जातो, तेथे वसाहतीचे खड्डेसुद्धा लवकर बुजतात.

महाराष्ट्रातील संदर्भ : राज्यातील उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटले होते. ते बाहेर न्यावेत म्हणून १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली जाते. तीत तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी केली जाते. जेवढा तालुका मागे, तेवढी सवलत जास्त. ‘उद्योग नसलेला जिल्हा’ असाही एक वर्ग आहे. लहान घटकांच्या बाबतीत पात्रतेची तपासणी आणि प्रस्तावांची हाताळणी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत होते.

कर्ज व अनुदान : केंद्राच्या दारात येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, भांडवलाचा. राज्याची बीज भांडवल योजना सुशिक्षित बेरोजगारांसाठी आहे. तीत उद्योजकाने घालायच्या रकमेचा काही भाग शासन अल्प व्याजाने देते. २००८ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) आणि २०१९ मध्ये आलेला मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम (सीएमईजीपी) या आज सर्वाधिक मागणीच्या योजना आहेत.

पीएमईजीपीचे गणित उदाहरणाने समजून घेणे सोपे. ग्रामीण भागातील एका महिलेचा २० लाख रुपयांचा उत्पादन प्रकल्प आहे. महिला विशेष प्रवर्गात मोडत असल्याने तिने स्वतःचे पाच टक्के, म्हणजे एक लाख घालायचे. उरलेले १९ लाख बँक देते. शासनाचे ३५ टक्के अनुदान, म्हणजे सात लाख रुपये, बँकेकडे येते. पण ते तिच्या हाती पडत नाही. तीन वर्षे ते तिच्या नावाच्या मुदत ठेवीत राहते आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी घटक चालू असल्याची पडताळणी झाली की ते कर्जखात्यात वळते होते. मधल्या काळात घटक बंद पडला तर अनुदान हातचे जाते. अनुदान म्हणजे रोख मिळणारी देणगी अशी समजूत करून घेऊन आलेली माणसे येथेच गोंधळतात, आणि एजंटांचे फावते तेही याच गोंधळावर.

अर्जासोबत प्रकल्प अहवाल, यंत्रांची कोटेशने, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, शैक्षणिक व जातीचे दाखले आणि ग्रामीण भागासाठी लोकसंख्येचा दाखला लागतो. छाननी करून केंद्र प्रकरण बँकेकडे पाठवते. शिफारस केंद्राची, निर्णय बँकेचा, असा हा मामला आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये बँकांनी क्षेत्रवार जबाबदारी घ्यावी असे सुचवले आणि त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक मिळाली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत ती बँक ऑफ इंडिया आहे. तरीही शाखाधिकाऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, नव्याला गावचा धंदा ठाऊक नसतो आणि ‘सिबिल’चा आकडा पाहून फाइल मिटते. दहा लाख रुपयांपर्यंतचे सूक्ष्म व लघुउद्योगाचे कर्ज तारण न मागता द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक बरीच वर्षे होता. अशा कर्जाला हमी देण्यासाठी २००० पासून स्वतंत्र पतहमी न्यासही आहे. तरी जामीनदार आणा, असे तोंडी सांगणाऱ्या शाखा आहेत.

काजू प्रक्रियेचे उदाहरण : यंत्र मिळाले म्हणजे उद्योग उभा राहिला, ही समजूत किती अपुरी आहे हे सिंधुदुर्गातील काजू प्रक्रियेकडे पाहिले की कळते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या आणि लागवड वाढली. घराशेजारच्या शेडमध्ये बॉयलर, फोडणी यंत्रे आणि ड्रायर एवढ्यावर लहान घटक चालतो. बी वाफेवर उकडायची, गार झाली की एकेक करून फोडायची, गर ड्रायरमध्ये सुकवून त्यावरचे तांबूस साल काढायचे आणि मग प्रतवारी. बीच्या टरफलात दाहक तेल असते. ते हातांना लागून कातडी भाजू नये म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख चोळतात. ‘डब्ल्यू-३२०’ ही बाजारातली ओळखीची प्रत. एका पौंडात ३०० ते ३२० अखंड पांढरे गर भरतात, म्हणून ते नाव. साधारण चार किलो बीतून एक किलो गर मिळतो. फुटलेल्या पाकळ्यांना आणि कणीला भाव कमी, त्यामुळे सगळा नफा फोडणाऱ्या हाताच्या सफाईवर अवलंबून असतो.

काजूची बी बाजारात येते ती मुख्यतः मार्च ते मे या तीन महिन्यांत. वर्षभर काम चालवायचे तर वर्षभराची बी त्याच तिमाहीत, तीही रोखीने, घेऊन ठेवावी लागते. यंत्रांवर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च कितीतरी मोठा. योजनांचा सारा भर मात्र यंत्रांच्या मुदत कर्जावर. खेळते भांडवल प्रकल्प अहवालात एका उत्पादन-चक्रापुरते धरले जाते. परिणामी पावसाळा संपता संपता बी संपते, कामगार बायका घरी बसतात, बॉयलर थंड पडतो आणि हप्ते मात्र चालू राहतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो व्यापारी हंगामात बी भरतो आणि पुढे चढ्या दराने विकतो. हीच गत कमी-अधिक प्रमाणात सांगलीच्या बेदाण्याची, आंबा-कोकम प्रक्रियेची आणि गुळाची आहे. हंगामी मालावर चालणाऱ्या उद्योगांना हंगामापुरते मोठे, गोदामातील मालाच्या तारणावरचे खेळते कर्ज वेळेवर मिळवून देणे, हे या पट्ट्यातील जिल्हा उद्योग केंद्रांचे पहिले काम असायला हवे.

समूह विकास : एकट्याला न परवडणारी यंत्रणा समूहाने उभारायची, हा यावरचा दुसरा उपाय. केंद्र व राज्य या दोघांच्याही समूह (क्लस्टर) विकास योजना असून राज्याचा कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. एका परिसरात एकच धंदा करणारे उद्योजक एकत्र येऊन कंपनी स्थापन करतात आणि शासनाच्या मोठ्या अनुदानातून सामाईक सुविधा केंद्र उभे राहते. चाचणी प्रयोगशाळा, डिझाइन कक्ष, महागडी यंत्रे अशा सोयी त्यात येतात. वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर आणि चिंचवडचे ऑटो क्लस्टर ही महाराष्ट्रातील परिचित सामाईक सुविधा केंद्रे आहेत. इमारत आणि यंत्रे येणे हा सोपा भाग. स्पर्धकांनी एका टेबलाशी बसून दर ठरवणे, वीजबिल भरणे आणि यंत्र चालवायला कुशल माणूस टिकवणे हे अवघड. जेथे उद्योजकांची संघटना आधीपासून जोमात आहे, तेथेच अशी केंद्रे चालतात.

थकीत बिले : लहान कारखाना बुडतो तो बहुधा माल खपत नाही म्हणून नव्हे, तर खपलेल्या मालाचे पैसे येत नाहीत म्हणून. मोठी कंपनी किंवा सरकारी खाते माल घेते आणि बिल चार-सहा महिने लटकवते. पुढची ऑर्डर जाईल या भीतीने पुरवठादार बोलत नाही. यासाठी सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ (२ ऑक्टोबर २००६ पासून लागू) हा या क्षेत्रातील सर्वांत धारदार कायदा आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सूक्ष्म व लघुउद्योग सुविधा परिषदेकडे करायची. महाराष्ट्रात या परिषदांचे काम उद्योग संचालनालयाची यंत्रणा पाहते. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि परिषदांना पुरेसे मनुष्यबळ दिल्यावाचून हे बदलणार नाही. आयकर कायद्यातही २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून तरतूद झाली : मुदतीत न दिलेले देणे त्या वर्षीचा खर्च म्हणून खरेदीदाराला दाखवता येत नाही.

या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी आवश्यक आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू झाली आणि गुंतवणुकीसोबत उलाढालही उद्योगाच्या व्याख्येत आली. १ एप्रिल २०२५ पासूनच्या सुधारित मर्यादेनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला घटक सूक्ष्म, तर २५ कोटी व १०० कोटी अशी मर्यादा असलेला घटक लघू ठरतो. मर्यादा एवढ्या वाढल्याने सुतारकामाची शेड आणि काही कोटींची फॅक्टरी एकाच ‘सूक्ष्म’ रांगेत उभी राहते. १९७७ च्या धोरणाने ‘अतिलघू’ हा वेगळा गट का केला होता, याचा पुन्हा विचार व्हायला हवा.

मूल्यमापन : जिल्हा उद्योग केंद्रांचे यश आजवर मंजूर प्रकरणे आणि खर्च झालेले अनुदान यांवरून मोजले गेले. मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी फेब्रुवारीत प्रकरणांची घाई होते आणि एकाच गावात एकाच प्रकारच्या पाच पिठाच्या गिरण्या मंजूर होतात. ऑनलाइन अर्ज आणि ‘मैत्री’ ही राज्याची एक खिडकी व्यवस्था यांमुळे खेटे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९७८ मध्ये आर्थिक पाहणीसाठी वेगळा व्यवस्थापक नेमला होता तो जिल्ह्यात काय पिकते, काय खपते आणि कोणता धंदा कशाअभावी अडतो हे शोधण्यासाठी. तेच काम आज सर्वांत दुर्लक्षित आहे. मंजुरीनंतर तीन वर्षांनी किती घटक चालू आहेत आणि त्यांत किती माणसे पगारावर आहेत, हा तक्ता प्रत्येक केंद्राने दरवर्षी जाहीर करावा.

उद्यम नोंदणीला शासन कोणतेही शुल्क आकारत नाही आणि पीएमईजीपीच्या अर्जासाठीही मध्यस्थाची गरज नसते; त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नकार देऊन उद्योजकाने थेट आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात जावे.