लॉबी

विदर्भातल्या गुरुकुंज मोझरीत कापसाच्या भावाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं : "साखरवाल्यायची लॉबी हाये, आपल्या कापसाची कुठं हाये?"

या शब्दाच्या मुळाशी बहुधा झाडाची पानं आहेत. जुन्या जर्मनमध्ये 'लाउबा' म्हणजे पानांनी शाकारलेला मांडव. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा 'लोबिया' झाला, म्हणजे मठातली छताखालची वाट. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि पुढे संसदेच्या सभागृहाबाहेरच्या दालनाला चिकटला. तिथे सदस्यांना गाठून लोक आपलं काम रेटत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याचं क्रियापद झालं.

आता दालनही लागत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकने निवडक संकेतस्थळं मोफत दाखवणाऱ्या आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेसाठी पानभर जाहिराती दिल्या, वापरकर्त्यांकरवी दूरसंचार नियामक 'ट्राय'ला तयार मजकुराचे ईमेल धाडले. मार्क झुकेरबर्ग यांनी लेखात दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा. बाजू कंपनीची आणि नाव शेतकऱ्याचं, हे मला आजही खुपतं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे इंटरनेट दर लावायला बंदी केली. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंगचा खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही.

मराठीत आज हॉटेलची लॉबी निरुपद्रवी आहे, साखर लॉबी आणि बिल्डर लॉबी म्हणताना मात्र आवाज बदलतो. 'लॉबिंग' आपण बहुतेकदा तिकिटासाठी किंवा मंत्रिपदासाठी वापरतो. अलीकडे बातम्यांत ते टेक कंपन्यांच्या नावापुढेही दिसतं.