लक्ष्मी गेट: तात्यांचा जाळ आणि रोझचे बावटे

झाशीला पोस्टिंग आल्यापासून सुट्टीच्या दिवशी माझी लक्ष्मी गेटकडे चक्कर होते. दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल, महालक्ष्मीचं देऊळ, गंगाधररावांची छत्री. त्याही पुढे, पूर्वेला, बेतवा नदी.

३१ मार्च १८५८ ला तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन बेतवेकडून आले. झाशीला वेढा पडून आठवडा उलटला होता. मदत आली हे शहराला कळावं म्हणून त्यांनी रात्री प्रचंड जाळ केला. तटावरच्या तोफांनी सलामी दिली. निरोप पोहोचला, पण अर्धाच. कोणी, कुठून, किती वाजता चाल करायची, हे जाळ कसा सांगणार?

सर ह्यू रोझने मात्र आधीच टेकडीवर टेहळणी चौकी बसवली होती. तिथल्या बावट्यांनी संध्याकाळीच त्याला वर्दी दिली. वेढा न उठवता तो सुमारे १,५०० माणसं घेऊन तात्यांवर गेला. १ एप्रिलला तात्या हरले, ३ तारखेला इंग्रज शहरात शिरले. पराभवाची कारणं अनेक आहेत. पण आतली आणि बाहेरची फौज एकाच वेळी तुटून पडली नाही, हे सैनिक म्हणून मला डाचतं.

कंट्रोल रूम म्हणजे नुसता फोन नव्हे. निरोप घेणारा, तो पडताळणारा आणि लगेच माणसं हलवणारा, ही साखळी म्हणजे कंट्रोल रूम. १९३५ मध्ये लंडनमध्ये एका घराला आग लागून पाच बायका गेल्या. शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजमध्येच ताटकळला होता. त्यानंतर १९३७ मध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. आपला ११२ त्याच वाटेवरचा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आधीच्या एका पोस्टिंगवर, पावसाच्या रात्री, कंट्रोलचा फोन माझ्याकडे होता. "पुलावर गाडी अडकलीय." मी वेळ लिहिली, "मिळाला" म्हणालो. कुठला पूल, हे परत विचारलं नाही. पूल दोन होते. मदतीची गाडी चुकीच्या पुलावर गेली. आपला एक जवान चाळीस मिनिटं ट्रकच्या टपावर बसून होता. वाचला. नंतर मला काही बोललाही नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक निरोप मी परत म्हणून दाखवतो. पोरं हसतात. मी त्यांना तात्यांच्या जाळाची गोष्ट सांगतो.