जुनें लांकूड आणि नवा जिना

जुना वाडा उतरविण्यास प्रारंभ झाला म्हणजे प्रथम कौलें खालीं येतात, मग वासे, मग तुळया आणि शेवटीं खांब. भिंतींची माती गाड्यांत भरून गांवाबाहेर जाते. तिला कोणी विचारीत नाहीं. लांकूड मात्र वखारींत जातें आणि थोड्याच दिवसांत त्याला नवें गिऱ्हाईक मिळतें. अलीकडे नव्या घरांत जुनें सागवान मुद्दाम मागून घेण्याची आवड वाढली आहे. कोणी त्याचा झोपाळा करवितात, कोणी जेवणाचें मेज करवितात. आणि ज्याला दोन मजल्यांचें घर बांधण्याची ऐपत आहे, तो त्या लांकडाचा जिना करून येणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडेल असा दिवाणखान्यांतच उभा करतो. ही आवड वाईट नव्हे. परंतु ती आजकालची टूम आहे असें समजणें चुकीचें आहे; आणि जुनें लांकूड घेतलें म्हणजे जुनें घर वांचलें असें समजणें तर त्याहूनहि चुकीचें आहे. या दोन समजुतींचा इतिहासाच्या आधारें विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

चांगलें लांकूड दुर्मिळ असतें, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें ‘आज्ञापत्र’ सुमारें १७१५-१६ मधलें. त्यांत आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें याविषयीं स्पष्ट आज्ञा आहेत. सागासारखें लांकूड सरकारच्या परवानगीनें तोडावें. रयतेच्या आंबा-फणसांना हात लावूं नये. एखादें झाड अगदींच जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर मालकाला राजी करून व मोबदला देऊनच तें घ्यावें, असा त्यांचा आशय आहे. झाड वाढण्यास माणसाचें आयुष्य पुरत नाहीं, हें ज्यानें ओळखलें होतें त्याचेंच हें लिहिणें आहे.

पुढें पंधरा वर्षांच्या आंतच पुण्यास शनिवारवाड्याचें काम निघालें. १० जानेवारी १७३० रोजीं पाया घातला गेला व १७३२ मध्यें वास्तुशांत झाली. साग जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला. त्या काळच्या हिशेबानें प्रथमच्या बांधकामास १६,११० रुपये लागले. वाड्याचा तट दगडविटांचा, पण आंतील दिवाणखाने, सोपे व माड्या हें सारें वैभव मुख्यतः लांकडाचें होतें. म्हणूनच २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं तेथें आग लागली तेव्हां ती कित्येक दिवस विझली नाहीं, आणि विझली तेव्हां जोतीं, तट व बुरूज एवढेंच मागें राहिलें. दिल्ली दरवाज्यावरील नगारखान्याचे लांकडी खांब आजहि उभे आहेत. त्यांवरून जळून गेलेल्या भागाची कांहींशी कल्पना करतां येते. पुढें १८७९ च्या आगींत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचाहि कांहीं भाग जळाला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचीं अनेक घरें एका दिवसांत बसलीं. आगींत लांकूड जातें व भिंत राहते. पुरांत भिंत जाते व लांकूड राहतें. मात्र माणूस आपल्या हातानें वाडा उतरवितो तेव्हां भिंत जाते, लांकूड विकलें जातें, आणि मागें मोकळी जागा उरते.

हें लांकूड दोनशे वर्षांनंतरहि विकत घेण्यासारखें कां राहतें, याला कारणें आहेत. सागाच्या गाभ्यांत स्वाभाविक तेल असतें आणि वाळवीला न मानवणारीं द्रव्यें असतात. एकदां नीट वाळल्यावर तें फारसें फुगत नाहीं किंवा आटत नाहीं. शिवाय ओकसारख्या लांकडांतील आम्लानें लोखंडी खिळा लवकर खातो, तसा तो सागांत खात नाहीं. रानांत सावकाश वाढलेल्या झाडाचा गाभा मोठा असतो आणि टिकाऊपणा सारा गाभ्यांतच असतो. बाहेरच्या कोंवळ्या लांकडास वाळवी खुशाल लागते. म्हणून जुनी तुळई घेणारा जाणता सुतार आधीं तिचीं टोंकें पाहतो; कारण भिंतींत रुतलेल्या टोंकांनाच ओल व कीड प्रथम लागते.

सागाच्या या गुणांची सर्वांत कठीण परीक्षा घरांत झाली नाहीं. ती समुद्रावर झाली. १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत कित्येक पिढ्या जहाजें बांधलीं. मलबारी सागाचीं तीं जहाजें इंग्रजांच्या आरमारांत नांवाजलीं गेलीं. ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ चें, ‘वेलस्ली’ १८१५ चें, ‘त्रिंकोमाली’ १८१७ चें, ‘गँजेस’ १८२१ चें. १८४२ मध्यें चीनशीं झालेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’वरच. ‘त्रिंकोमाली’ तर आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. या जहाजांच्या पायीं पश्चिम किनाऱ्यावरील सागाची एवढी तोड झाली कीं, १८०६ मध्यें मलबारांत जंगलांसाठीं एक स्वतंत्र अधिकारी नेमावा लागला. आणि १८४० नंतरच्या दशकांत निलंबूर येथें सागाची मुद्दाम लागवड करण्याची पाळी आली.

जहाजें म्हातारीं झाल्यावर त्या लांकडाचें काय झालें, हें आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. इंग्लंडांत जुन्या जहाजाचें लांकूड घरास वापरण्याची चाल होतीच. हँपशायरमधील विकम गांवीं १८२० मध्यें एक पिठाची गिरणी बांधली गेली, ती ‘चेसापीक’ नांवाच्या पकडून आणलेल्या अमेरिकन जहाजाच्या तुळयांची. आणि जहाजाचें नांवच गिरणीस मिळालें. लंडनच्या लिबर्टी या प्रसिद्ध दुकानाची १९२४ ची इमारत ‘इंप्रेग्नेबल’ व ‘हिंदुस्तान’ या दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या लांकडांतून उभी राहिली. आपल्या गोदींतलें ‘गँजेस’ १९३० मध्यें मोडलें गेलें, तेव्हां त्यावरील कप्तानाची खोली उचलून डेव्हन किनाऱ्याजवळच्या बर्ग बेटावरील हॉटेलास जोडण्यांत आली. ‘वेलस्ली’ १९४० मध्यें जर्मन विमानांच्या हल्ल्यांत थेम्स नदींत बुडालें. युद्धानंतर तें वर काढून मोडण्यांत आलें आणि त्यांतील कांहीं लांकूड लंडनच्या न्यायमंदिराच्या दुरुस्तीस लागलें.

या चार उदाहरणांत एक भेद आहे. गिरणी, दुकान आणि हॉटेल येथें लांकडाबरोबर त्याचें नांवहि आलें. तेथें जाणारा मनुष्य हें लांकूड कोठून आलें असें विचारतो आणि त्यास उत्तर मिळतें. न्यायमंदिरांतील मुंबईच्या सागाकडे पाहून मात्र कोणास लवजींच्या वंशजांची आठवण व्हावी? लांकूड तेंच, कामहि उत्तम. पण नांव सुटल्यामुळें तें पुन्हां केवळ लांकूड झालें.

आपल्याकडेहि नांव राखल्याचें एक उत्तम उदाहरण आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून जुनीं दारें, खिडक्या, दिवे, अडकित्ते, पेट्या जमविल्या. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषहि त्यांनीं मिळविले, आणि आज पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत तो महाल पुन्हां मांडलेला दिसतो. मूळ जागा सुटली, मूळ भिंती नाहींत. तरी हें लांकूड कोणाचें व कोठलें, हें सांगणारी पाटी तेथें आहे. केळकरांनीं तें लांकूड उचललें नसतें, तर त्याचें काय झालें असतें हें सांगण्यास ज्योतिषी नको.

आतां जिन्याकडे वळूं. ‘जिना’ हा शब्द मूळचा फार्सी; पण वाड्यांतील जिना अस्सल देशी विचारानें बांधलेला असे. तो शोभेची वस्तु नव्हता. बहुधा तो जाड भिंतीच्या पोटांत असे. अरुंद, अंधारा, चढ इतका कीं वर जाणाऱ्यानें डोकें लववावें व एका हातानें भिंत धरावी. एका वेळीं एकच मनुष्य जाऊं शकेल अशा जिन्यावर रात्रीं वरून आडवें दार टाकलें कीं माडी सुरक्षित. यांत संरक्षणाचा हेतु होताच, पण बांधणीचाहि होता. वाड्याची पटई जवळजवळ टाकलेल्या कड्यांवर बसलेली असते. मध्येंच जिन्यासाठीं मोठें भोंक ठेवावयाचें तर त्या कड्या तोडाव्या लागतात. भिंतींत जिना घातला म्हणजे एकहि कडी तुटत नाहीं आणि खणांची मांडणी मोडत नाहीं. मोठ्या वाड्यांत चौकाकडून दिवाणखान्यावर जाणारा जिना निराळा, आणि माजघरांतून माडीवर जाणारा निराळा. कोणी कोठून वर जावें व कोणाच्या दृष्टीस न पडतां जावें, हें त्या पायऱ्यांवरून आजहि वाचतां येतें. घरांतील माणसांचें परस्परांशीं वागणें कसें होतें, हें खांबावरील केळफुलाच्या नक्षीपेक्षां या काळोख्या पायऱ्या अधिक सांगतात.

दिवाणखान्यांत उघडा दिसणारा, रुंद पायऱ्यांचा व कोरीव कठड्याचा जिना इंग्रजी अमदानींत आपल्या परिचयाचा झाला. मुंबईचें व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्यें पुरें झालें; त्याच्या मोठ्या घुमटाखालीं एक बाजू भिंतींत रोवून अधांतरीं निघालेला भव्य दगडी जिना आहे. तेथें जिना लपलेला नाहीं. तोच इमारतीचा दर्शनी मान आहे. आजच्या घरांतील शोभिवंत जिना हा या दुसऱ्या परंपरेचा वारस आहे, पहिल्या नव्हे. म्हणून वाड्याच्या सागाचा उघडा जिना करणारा गृहस्थ एका परंपरेचें लांकूड व दुसऱ्या परंपरेचा आकार एकत्र आणीत असतो. यांत दोष नाहीं. मात्र काय करीत आहों याची जाणीव असावी.

खरी हानि निराळीच आहे. खांब एका घरांतून दुसऱ्या घरांत जातो. तुळई कापून घेतां येते. दार चौकटीसह उचलतां येतें. जिना मात्र जात नाहीं. दगडमातीच्या भिंतींतला जिना तर भिंतीबरोबरच जातो. पण लांकडी जिनाहि दुसरीकडे बसत नाहीं. त्याचें कारण साधें अंकगणित आहे. आठ फूट उंचीच्या मजल्यास आठ इंचांच्या बारा पायऱ्या पुरतात. नव्या घराचा मजला दहा फुटांचा असला, तर त्याच बारा पायऱ्या दहा दहा इंच उंच कराव्या लागतील आणि म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतील. आठ इंचच ठेवावयाचे तर पायऱ्या पंधरा होतील आणि जुनी तिरकी बाजू अपुरी पडेल. शेवटच्याच पायरीची उंची वाढवून वेळ मारून न्यावी, तर अंधारांत नेमका तेथेंच पाय अडखळतो. म्हणून जिना मोडला जातो, त्याच्या फळ्या सुट्या होतात, आणि मधोमध झिजलेली पायरी रंध्याखालीं सपाट होऊन दुसऱ्याच कामास लागते. त्या झिजेंत पिढ्यांची ये-जा होती.

यावरून जुनें लांकूड वापरूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, दोनशे वर्षांच्या सागाची सर्पण म्हणून विल्हेवाट लागण्यापेक्षां त्याचा जिना होणें कितीतरी बरें. नवें झाड तुटत नाहीं हा लाभ वेगळाच. पण विकणारा, घेणारा आणि सुतार या तिघांनीं मिळून थोडेंसें केलें तर पुष्कळ राखतां येईल. वाडा उतरविण्यापूर्वीं त्याच्या जिन्यांची मापें घ्यावींत: किती पायऱ्या, किती उंची, किती रुंदी, कोठून कोठें. एक साधा नकाशा व चार छायाचित्रें यांस एक सकाळ पुरते. तुळईवर जुन्या सांध्याची खांच, लांकडी खुंटीचें भोंक, वांकसाचे घाव असतील, ते सगळेच रंधून काढूं नयेत; नव्या जिन्याच्या आंतल्या बाजूस तरी ते राहूं द्यावेत. कारण तुळई कशाला जोडलेली होती हें त्यांवरूनच कळतें. आणि हें लांकूड अमक्या पेठेंतल्या अमक्या वाड्याचें, अमुक वर्षीं उतरलें, एवढा मजकूर पायरीच्या खालच्या अंगास कोरून ठेवावा. विकम गांवच्या गिरणीवाल्यास जें साधलें, तें आपल्यास साधूं नये असें कांहीं नाहीं.

नव्या घरांतील मूल त्या जिन्यावरून रोज चढउतार करील. एक दिवस खालीं खेळतांना त्याची नजर पायरीच्या पोटाकडे जाईल, आणि हीं अक्षरें कसलीं म्हणून तें आजोबांना विचारील. उत्तर देतां यावें इतकें तरी आपण लिहून ठेवावें.