बर्मिंगहॅमची नळी, डोंबिवलीची मूठ

नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली, ही बातमी २०२५ च्या एप्रिलअखेरीस आमच्या घरी पोचली तेव्हा लोणच्याच्या कैऱ्या फोडणं चाललं होतं. मी अडकित्त्यावर होतो. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, आपल्या घराण्याचं असं एखादं शस्त्र आहे का हो?"

"तो धरलाय ना हातात," आतून आवाज आला.

आता बायकोपुढे घराण्याची बाजू मांडण्यात अर्थ नसतो हे मला ठाऊक आहे. पण सत्य ते सत्य. आमच्याकडे शस्त्र आहे. रिव्हॉल्व्हर. बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं, अस्सल विलायती. वाचकांनी दचकू नये. ते रीतसर परवान्याचं आहे, आणि आमच्या मागल्या सात पिढ्यांत रक्त निघालं ते फक्त विळीवर, तेही स्वतःचंच.

त्या तलवारीच्या बातमीत मला एक गोष्ट फार आवडली. तिचं पातं युरोपातलं आहे. आपल्या लोकांना फिरंग्यांचं पोलाद पसंत होतं, फिरंगी पसंत नव्हते. म्हणून पातं तिकडचं घ्यायचं, मूठ आपल्या हाताला बसेल अशी इकडे करायची, आणि त्या जोडकामाला नाव द्यायचं 'फिरंग'. रघूजींच्या तलवारीच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव आहे, छत्रपती शाहूंकडून मिळालेला 'सेनासाहेबसुभा' हा किताब आहे आणि 'फिरंग' हा शब्दही आहे. म्हणजे वस्तूवर मालकाचं नाव, हुद्दा आणि शिवाय वस्तूचंही नाव! स्टीलच्या डब्यावर 'डबा' असं कोरण्याइतकी सावधगिरी आमच्या आजीनंसुद्धा कधी दाखवली नव्हती. आणि आमच्या आजीनं नाव घातलं नाही असं भांडं घरात नव्हतं. चहाच्या गाळणीच्या दांड्यावरही आजोबांचं अर्धं आडनाव आहे. उरलेलं अर्धं मावलं नाही.

फक्त या एका वस्तूवर आजोबांचं नाव नव्हतं.

आजोबा शूर वगैरे अजिबात नव्हते. ते रोखपाल होते. शहाडच्या बाजूला एका कारखान्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्या काळी कामगारांचा पगार रोखीत व्हायचा. तो आणायचा कल्याणच्या बँकेतून, आणि आणायची जबाबदारी आजोबांची. हजारावर माणसांचा पगार एका माणसाच्या भरवशावर जातोय हे पाहून कारखान्यानंच त्यांना परवान्याचा अर्ज करायला लावला. १९६४ साली परवाना आला आणि मागोमाग हे बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर, कुणा निवृत्त गृहस्थाकडून वापरलेलं, आलं. आजोबांनी ते धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून कुलपाच्या ट्रंकेत ठेवलं. सात तारखेनंतर कधीतरी बाहेर निघायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. खंडेनवमीला तेल, हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल. एका वर्षी आजीनं भक्तिभावानं कुंकू थेट नळीत सोडलं. ते काढायला आजोबांना दिवाळी उजाडली.

आजी रिव्हॉल्व्हरला 'ती' म्हणे. "तुमची ती ट्रंकेत ठेवलीत का?" हा प्रश्न ऐकून एक नवे शेजारी घाबरून गेले होते.

आजोबांचं खरं हत्यार वेगळंच होतं. ते म्हणजे त्यांचं शिसवी डेस्क. उतरत्या झाकणाचं, मांडी घालून लिहायचं. पगाराच्या आदल्या रात्री त्यावर बसून ते नोटांचा तपशील करत. एकाला १८७ रुपये ४० पैसे द्यायचे तर शंभराची एक, दहाच्या आठ, पाचाची एक, रुपये दोन आणि वर चिल्लर. असं प्रत्येकाचं मांडायचं आणि मग बेरीज, की बँकेकडून शंभराच्या किती, दहाच्या किती, चाराण्या किती. एक चूक झाली की शेवटच्या माणसापुढे हातात शंभराची नोट आणि द्यायचे सदतीस रुपये. "सुट्टे नाहीत, उद्या या," असं म्हणणं आजोबांच्या लेखी दरोड्याहून वाईट होतं. माणूस महिनाभर राबलेला असतो हो!

मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला. आठ तारखेला सुरू झाला आणि दहाच्या आत पगार वाटायचा हा कायदा. गाड्यांचा भरवसा नाही. आजोबा दहा तारखेला सकाळी डोंबिवलीहून रुळांच्या कडेनं चालत कल्याणला निघाले. धोतर, कोट, टोपी, बगलेत रिकामी कॅनव्हासची थैली आणि कोटाच्या आत 'ती'. ठाकुर्लीच्या पुढे पोलिसांनी अडवलं. रुळांवर बंदोबस्त, जागोजाग धरपकड चाललेली, आणि हा गृहस्थ लोहमार्गावरून रिव्हॉल्व्हर घेऊन चाललाय! आजोबांनी परवाना काढून दिला. अधिकाऱ्यानं तो उलटसुलट पाहिला. परवान्यानं हत्यार कायदेशीर ठरत होतं, पण हेतू कसा ठरणार? अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बँकेचा व्यवहार दोनला बंद. आजोबा म्हणत, आयुष्यात भीती वाटली ती तेव्हा. तुरुंगाची नाही, दोन वाजण्याची.

शेवटी त्यांनी आतल्या खिशातून आदल्या रात्रीचा तपशील काढला. चौदा पानं, हजारावर नावं, प्रत्येकापुढे नोटा आणि नाणी. अधिकाऱ्यानं दोन पानं वाचली, तिसऱ्यावर बेरीज करून पाहिली. बरोबर निघाली. "जा," तो म्हणाला, "इतका बारीक हिशेब लिहिणारा माणूस रूळ उखडणार नाही."

दीड वाजता आजोबा बँकेत पोचले. रात्री नऊला शेवटचा पगार वाटला. सुट्टे पुरले.

तो दिवस सोडला तर त्या रिव्हॉल्व्हरनं इतिहासात भाग घेतला तो फक्त लोकशाहीच्या. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करायचं (इथं 'ठाण्यात' म्हणजे पोलीस ठाण्यात, आमच्या भागात हा खुलासा करावा लागतो). लोकसभा, विधानसभा, पुढे १९८३ ला महापालिका झाल्यावर तिचीही निवडणूक. "चालली माहेरी," आजी म्हणायची. त्या माहेरपणाच्या सगळ्या पावत्या आजोबांनी तारीखवार लावून ठेवल्या आहेत. निवृत्त झाल्यावरही परवाना सोडला नाही. दर तीन वर्षांनी कोट चढवून नूतनीकरण.

२०१६ साली, ब्याण्णवाव्या वर्षी, आजोबा गेले. तेराव्याच्या आधी काका आणि मी रिव्हॉल्व्हर पोलिसांत जमा करून आलो, कारण परवानेदार गेला की हत्यार घरात ठेवणं हाच गुन्हा. वारसाला ते मिळू शकतं, पण स्वतःचा परवाना काढल्यावर. त्याच वर्षी नवे शस्त्र नियम आले होते. त्यांत आम्हाला कळलं की परवानेदार सत्तरीला पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं, की तो जिवंतपणीच वारस नेमू शकतो. आजोबांनी नेमला नव्हता. बहुधा आमच्यापैकी प्रत्येकाचं गणित त्यांना माहीत होतं.

वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं हवी होती. काका, दोन्ही आत्या, सगळ्यांनी रिव्हॉल्व्हरवरचा हक्क हसत सोडला. डेस्कवरचा मात्र कुणी सोडेना! थोरल्या आत्याला ते देवघरासाठी हवं होतं, काकांना टीव्हीखाली. तीन रविवार वाद झाला. अखेर आजी म्हणाली, "झाकण तसंही मोडलंय. ते याला द्या, डेस्क मोठीला." काकांना ट्रंक मिळाली.

परवान्यासाठी ठाण्याला खेटे घातले. आजोबांच्या परवान्यावर आधी जिल्ह्याच्या साहेबाचे शिक्के आहेत आणि १९८१ ला आयुक्तालय झाल्यावर पोलीस आयुक्तांचे. मी अर्जाची फाइल बगलेत मारून तिथं बसायचो तेव्हा मनात एक गोष्ट यायची. ठाण्याचं कारागृह काही तिथून लांब नाही. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना त्याच कारागृहात फाशी दिलं. आदल्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन कलेक्टर मारला गेला होता. पिस्तूल ब्राउनिंग, सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवलेल्या विसांपैकी. कान्हेऱ्यांनी विशीही गाठली नव्हती. त्या मुलांना परवाना कोण देणार होतं? १८७८ ला लिटननं शस्त्रांचा कायदा केला त्याची गंमतच अशी, की साहेबाला माफी आणि ज्याचा देश त्याला परवाना. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके बंड करून उठले. तेही मुळात लष्करी हिशेबखात्यातले कारकून! हिशेबनिसांना हे लोक समजतात तेवढं साधं समजू नये.

तो कायदा स्वराज्यातही बारा-पंधरा वर्षं चालला. १९५९ चा नवा कायदा १९६२ ला अमलात आला. गोऱ्याकाळ्याचा भेद त्यात नाही; सगळ्यांवर सारखाच संशय. २०१९ च्या दुरुस्तीनं तर माणशी तीन बंदुकांची मर्यादा दोनावर आणली. आमच्या घरात एकीनंच तीन रविवार घालवले होते, तेव्हा दुरुस्ती योग्यच म्हणायची.

परवाना झाला, आणि मला नावाची कल्पना सुचली. प्रथम बाजारातल्या भांडीवाल्याकडे चाचपलं. "लोखंडावर नाव घालाल का?"

"घालू की. 'सप्रेम भेट' लिहू का नुसतं नाव? वस्तू आणा."

वस्तू आणायची सोय नव्हती. परवाना असला तरी हत्यार भांड्यांच्या दुकानात देता येत नाही. म्हणून परवान्याच्या खिडकीवरच्या साहेबांना विचारलं. ते गृहस्थ फार सज्जन. चष्मा वर करून म्हणाले, "नाव? कुणाचं?"

"आजोबांचं."

"अहो, कायद्याला बनवणाऱ्याचं नाव लागतं, वापरणाऱ्याचं नाही. आहे तो नंबर, आहे ते नाव, आहेत त्या खुणा, यांतलं काही घासलं, पुसलं, बदललं की कलम आठ. नळी कापलीत तर कलम सहा. परवाना नसलेल्या माणसाकडून दुरुस्ती केलीत तर कलम पाच. त्या लोखंडाला कानस लावायलाच जाऊ नका."

"आणि मूठ?"

ते थांबले. "लाकडी आहे? नंबर नाही ना त्यावर? मग परवान्याच्या दुकानात करून घ्या. पावती जपून ठेवा." आणि फाइल मिटता मिटता, "कशाची करताय?"

मी डेस्कबद्दल सांगितलं. त्यांनी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली आणि सगळं ऐकून घेतलं.

मुंबईच्या दुकानात मी ते गेलो डोंबिवलीच्या सकाळच्या गाडीनं. रिकामं, पेटीत बंद, पेटी पिशवीत. त्या डब्यात बहुधा मी एकटाच सशस्त्र होतो आणि ठाण्यापर्यंत माझा उजवा हात कुठे आहे हेही मला सांगता आलं नसतं. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं झाकणाचा तुकडा नखानं वाजवला, वास घेतला. "लोक चांदीची मूठ करतात, वाघाची तोंडं लावतात," तो म्हणाला, "फर्निचर घेऊन आलेले तुम्ही पहिलेच." मग बोट ठेवून म्हणाला, "इथं शाई मुरलीय. हा भाग टाकून देतो."

मी म्हटलं, नेमका तोच घ्या.

दहा दिवसांनी मूठ झाली. नळी, नंबर, बर्मिंगहॅमचे ठसे जिथल्या तिथे. मूठ काळसर शिसवी, आणि उजव्या बाजूला, अंगठा टेकतो तिथं, रुपयाएवढा निळा-काळा डाग. आजीनं ते हातात घेतलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच. डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा ७४ चा. रात्री दौत लवंडली होती, घाईत." मग माझ्या हातात परत देऊन, "ठेव ट्रंकेत."

ट्रंक काकांकडे गेली होती. नवी कुलपाची पेटी आणली.

रघूजींच्या तलवारीची गोष्ट मी चिरंजीवांना अशी समजावली, की ती जशी फिरंग, तशी ही. पातं त्यांचं, मूठ आपली. नाव मात्र आपल्याला घालता आलं नाही. त्यावर त्यानं त्या पावत्यांची फाइल काढली आणि सर्वांत वरची माझ्यापुढे धरली. मी ती नीट वाचलीच नव्हती. २० मे २०२४ ला इथलं लोकसभेचं मतदान, त्याआधी जमा केल्याची पावती. त्या दिवशी टेबलाशी एक तरुण हवालदार होता. त्यानं नंबर टिपला, बोअर टिपला, मग मूठ पाहून फडका ओला केला होता. "डाग पडलाय साहेब, पुसून देऊ?"

"नको, राहू दे," मी म्हणालो होतो. कुणाचा, कधीचा, तेही थोडक्यात सांगितलं होतं. मागे रांग होती.

पावतीवर वर्णनाच्या रकान्यात त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'मूठ लाकडी, शिसवी. उजवे बाजूस शाईचा डाग, आजोबांचा.'