स्विंगवरचा विश्वास : गोल्फमधील खरी लढत मनाशीच

चिपळूण : गोल्फचा चेंडू जागच्या जागी स्थिर असतो. तो कोणी अंगावर फेकत नाही, कोणी आडवा येऊन अडवीत नाही आणि फटका मारण्याची फारशी घाईही नसते. असे असूनही जगातील नामांकित खेळाडू दीड मीटरवरून चेंडू खळगीत ढकलताना चुकतात. ही चूक बहुधा मनगटाची नसते, मनाची असते. म्हणूनच गोल्फच्या प्रशिक्षणात आता शारीरिक तंत्राइतकेच मानसिक तयारीला महत्त्व दिले जाते. त्यातला कळीचा शब्द आहे, ‘स्विंगवरचा विश्वास’.

विचाराला मोकळे रान

अठरा होलच्या एका फेरीला साधारण चार तास लागतात. ७२ फटक्यांचा हिशेब धरला आणि प्रत्येक फटक्याला दोन सेकंद दिले, तरी प्रत्यक्ष खेळ अडीच मिनिटांच्या आत संपतो. उरलेला सारा वेळ चालण्याचा, थांबण्याचा आणि विचार करण्याचा. मागचा चुकलेला फटका, पुढचे पाण्याचे तळे, प्रतिस्पर्ध्याची आघाडी या साऱ्यांना मनात शिरायला भरपूर सवड मिळते.

उलट फटक्याच्या क्षणी विचाराला वेळच नसतो. वर नेलेला दांडा खाली येऊन चेंडूवर आदळायला सुमारे पाव सेकंद लागतो. एवढ्या अवधीत ‘कोपर आत घे’, ‘मान हलवू नको’ अशा सूचना मेंदूने द्यायच्या आणि शरीराने त्या पाळायच्या, हे जमण्यासारखे नाही. सरावाने अंगी मुरलेली हालचाल विनाअडथळा होऊ देणे एवढेच खेळाडूच्या हाती असते. यालाच स्विंगवर विश्वास ठेवणे म्हणतात. कोकणातील नमनात मृदंग वाजवणारा कलाकार बोटे मोजू लागला तर ठेका चुकतो, तसाच हा प्रकार आहे.

प्रयोगाने काय दाखवले?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अनुभवी व नवख्या गोल्फपटूंकडून पटिंग करून घेतले होते. एकदा त्यांना स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, तर एकदा खेळताना ध्वनिफितीवरील ठराविक आवाज ओळखण्याचे काम दिले. अनुभवी खेळाडूंची कामगिरी हालचालीवर लक्ष ठेवताना अधिक ढासळली. नवख्यांचे मात्र उलट झाले. त्यांना हालचालीकडे लक्ष दिल्याचा फायदा झाला.

या निष्कर्षाचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. शिकण्याच्या काळात बारकाव्यांकडे लक्ष हवेच. पण कौशल्य अंगवळणी पडल्यानंतर ऐन सामन्यात त्याची पुन्हा उकल करत बसणे घातक ठरते. आणि दडपण आले की माणूस नेमके तेच करू लागतो.

पडझड आणि पुनरागमन

रॉरी मॅकिलरॉय याचे उदाहरण बोलके आहे. २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी तो चार फटक्यांनी आघाडीवर होता. त्या दिवशी त्याला ८० फटके लागले आणि विजेतेपद हुकले. दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. कौशल्य एप्रिलमध्ये नाहीसे होऊन जूनमध्ये परतले, असे कोणी म्हणणार नाही. मास्टर्सचे विजेतेपद मात्र त्याला २०२५ मध्ये मिळाले. तेव्हाही अखेरच्या होलवर त्याचा छोटा पट चुकला आणि सामना प्ले-ऑफमध्ये गेला. तेथे त्याने जस्टिन रोझला हरवले. चूक घडली, पण ती पुढच्या फटक्यापर्यंत पोहोचली नाही.

पटिंग करताना हाताला अचानक झटका बसण्याचा ‘यिप्स’ नावाचा त्रासही गोल्फमध्ये परिचित आहे. बर्नहार्ड लांगर याने या व्याधीशी झुंज देत १९८५ आणि १९९३ मध्ये मास्टर्स जिंकली.

महाराष्ट्राशी नाते

भारताचा आघाडीचा गोल्फपटू अनिर्बन लाहिरी याचा जन्म १९८७ चा, पुण्याचा. मन स्थिर ठेवण्यासाठी तो विपश्यनेची साधना करतो. आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रामुळे परिचित असलेल्या या साधनेची सुरुवात श्वासाच्या निरीक्षणाने होते. २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये लाहिरी अवघ्या एका फटक्याने दुसरा आला होता.

नेमबाजीतही हीच कसोटी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. हृदयाचे ठोके खूप वाढले होते. आपण श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळे काही करून पाहिले नाही, असे त्याने नंतर सांगितले होते. मोठ्या दिवशी नवे काही न करणे, हाच विश्वासाचा सोपा अर्थ.

विश्वास कसा कमवावा?

हा विश्वास नुसत्या निर्धाराने येत नाही. त्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतात :

- प्रत्येक फटक्यापूर्वीचा क्रम ठरलेला असावा. चेंडूमागे उभे राहून लक्ष्य निवडणे, एखादा सरावाचा स्विंग, एक दीर्घ श्वास आणि फटका. सरावात जो क्रम, तोच सामन्यात.
- निर्णय चेंडूमागे असतानाच पूर्ण करावा. चेंडूजवळ उभे राहिल्यावर शंका आली तर मागे येऊन क्रम पुन्हा सुरू करावा.
- लक्ष हातापायांवर नको, चेंडू जेथे पाडायचा त्या जागेवर असावे.
- सरावाचे दोन भाग करावेत : एक तंत्र सुधारण्याचा, दुसरा तंत्राचा विचार न करता खेळण्याचा.
- चुकीची चिकित्सा फेरी संपल्यावर करावी.

अर्थात सदोष स्विंगवर कितीही विश्वास ठेवला तरी तो निर्दोष होत नाही. आधी मेहनत, मग विश्वास, हा क्रम उलटवून चालत नाही.

चिपळूण परिसरात गोल्फचे वारे फारसे नाही. पण कॅरम आणि क्रिकेट घरोघर आहे आणि डेरवणच्या क्रीडा संकुलात दूरदूरची मुले स्पर्धेला येतात. शेवटची सोंगटी उरली असताना किंवा अखेरचा चेंडू टाकायचा असताना मैदानाबाहेरून पालक व प्रशिक्षक तंत्राच्या सूचनांचा भडिमार करतात. मुलगा चुकतो आणि ‘याच्यात दम नाही’ असा शिक्का बसतो. तो शिक्का घेऊन कित्येक मुले खेळ सोडतात. प्रत्यक्षात मुलाचा हात तयार असतो. त्या क्षणी त्याला सूचना नको असते, शांतता हवी असते. बाहेर बसलेल्या मोठ्यांनी एवढे सांभाळले तरी त्याचा अर्धा सराव झाला.